यूविना क्यू

शब्दकोशाला एकच दार असते आणि ते शब्दाच्या पहिल्या अक्षरापाशी उघडते. रॉबर्ट कॉड्री या इंग्रज शिक्षकाने १६०४ साली इंग्रजीतला पहिला एकभाषिक कोश छापला, तेव्हा त्यात जेमतेम अडीच हजारांच्या आसपास शब्द होते. तरीही 'ए'ने सुरू होणारा शब्द आरंभी पाहावा आणि 'व्ही'ने सुरू होणारा शेवटाकडे शोधावा, हे त्याला वाचकांना प्रस्तावनेत समजावून सांगावे लागले होते. वर्णानुक्रम ही तेव्हा शिकवावी लागणारी गोष्ट होती. पुढे १७७५ मध्ये जॉन वॉकर या उच्चारतज्ज्ञाने यमक जुळवणाऱ्यांची सोय म्हणून शब्द शेवटच्या अक्षराकडून उलटे लावलेला कोश काढला. मधल्या अक्षरांवरून शब्द शोधण्याची सोय मात्र छापील कोशांत अशी नव्हतीच. अमुक अक्षर आहे, तमुक नाही, आणि एकूण अक्षरे पाच आहेत, असा प्रश्न कोशाला विचारायचा झाला तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा कोश चाळावा लागे. संगणक आज तेच करतो, फक्त डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करतो.

मला या उलट्या शोधाची गोडी लागली ती स्क्रॅबलमुळे, म्हणजे अक्षरांच्या टाइल पटावर मांडून शब्द जुळवण्याच्या इंग्रजी खेळामुळे. अमेरिकेतल्या महामंदीत नोकरी गेलेल्या आल्फ्रेड मोशर बट्स या वास्तुविशारदाने हा खेळ रचला. इंग्रजीत कोणते अक्षर किती वेळा येते हे ठरवण्यासाठी त्याने वर्तमानपत्रांची पाने समोर घेऊन अक्षरे हाताने मोजली, आणि त्या मोजणीच्या आधारे शंभर टाइलची वाटणी केली : 'ई'च्या १२, 'ए' आणि 'आय'च्या प्रत्येकी ९, 'यू'च्या ४ आणि 'क्यू'ची अवघी एक. 'एस' हे अक्षर भाषेत मुबलक असूनही त्याच्या टाइल त्याने चारच ठेवल्या, कारण एरवी जो तो शब्दांची अनेकवचने करून गुण लाटत बसला असता. १९३८ मध्ये पट आणि टाइल मिळून खेळाला आजच्यासारखे रूप आले आणि १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने हक्क घेऊन त्याला आजचे नाव दिले. अक्षरे मोजण्याची ही युक्ती तशी बट्सच्या कितीतरी आधीची आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने गुप्त लिपीतली पत्रे फोडण्यासाठी हीच रीत लिहून ठेवली होती. अरबीशी असलेला हा संबंध पुढे अनपेक्षितपणे कामी येणार आहे.

'क्यू'ची टाइल दहा गुणांची असते. ती हातात आली की पहिल्या क्षणी आनंद होतो आणि दुसऱ्या क्षणी आपण चारांपैकी एखादा 'यू' कुठे सापडतो का ते पाहू लागतो. तो मिळाला नाही आणि डाव संपला, तर ते दहा गुण आपल्याच बेरजेतून वजा होतात. म्हणून मुरलेले खेळाडू 'यू' नसलेले 'क्यू'चे शब्द तोंडपाठ करून ठेवतात. त्यांतला सर्वांत आखूड शब्द 'क्यू-आय', म्हणजे चिनीतून आलेला ची. तिप्पट अक्षरगुणांच्या घरात 'क्यू' ठेवून तो आडवा आणि उभा असा दोन्हीकडे जुळवला तर दोन अक्षरांत ६२ गुण पदरात पडतात. माझी भाची मोबाइलवर हा खेळ खेळते आणि तिला ही सगळी यादी येते. एकदा तिने 'क्यू-ए-टी' असा शब्द मांडला. मी अर्थ विचारला, तर तिने मान वर न करता सांगितले, "मावशी, अर्थ कशाला हवा? ॲपने घेतला ना!" कॅट ही येमेनकडे चघळतात ती, किंचित तरतरी आणणारी पाने असलेली वनस्पती, हे मी तिला सांगितले खरे, पण तोवर तिची पुढची खेळी झाली होती.

मी मात्र तेव्हापासून त्या यादीतल्या एकेका शब्दाचा अर्थ वहीत उतरवू लागले. अक्षरांनी शोधलेले शब्द अर्थाचा काहीही विचार न करता एकत्र येतात, त्यामुळे त्यांच्यात परस्परसंबंध नसणार अशी आपली समजूत असते. 'यू' नसलेल्या 'क्यू'च्या बाबतीत ती समजूत टिकत नाही, आणि ती का टिकत नाही हे पाहण्यातच या शोधाची खरी मजा आहे.

त्यासाठी आधी 'क्यू' आणि 'यू' यांची जोडी कशी जमली हे पाहायला हवे. लॅटिनमध्ये ही दोन अक्षरे जोडीने येत असत. जुन्या इंग्रजीला मात्र 'क्यू'ची गरज भासत नव्हती. 'क्व' असा उच्चार लिहायला तिच्याकडे 'सी' आणि 'डब्ल्यू' होते आणि राणी या अर्थाचा क्वीन हा शब्द तेव्हा 'सी-डब्ल्यू-ई-एन' असा लिहिला जाई. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि कारभार फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाती गेला. त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे 'सी-डब्ल्यू' खोडून 'क्यू-यू' लिहायला सुरुवात केली, आणि शेदोनशे वर्षांत अस्सल इंग्रजी शब्दसुद्धा त्या वेशात वावरू लागले. याचा अर्थ असा की ज्या इंग्रजी शब्दात 'क्यू' आहे पण त्याच्यामागे 'यू' नाही, तो या घडामोडीनंतर केव्हातरी बाहेरून आलेला असणार. अक्षराची एक साधी अट घातली आणि चाळणीत उरले ते जवळजवळ सगळे परदेशी पाहुणे.

हे पाहुणे कुठले, याचे उत्तर कळले तेव्हा मला हसू आले. कादी, फकीर, तलाक, बुरखा, नकाब, कव्वाली, कव्वाल, किब्ला, कोर्मा : इंग्रजी शब्दांची म्हणून काढलेली ही यादी वाचताना मराठी माणसाला कोश उघडावाच लागत नाही. इंग्रज खेळाडू ज्यांच्यापुढे अडखळतो ते हे शब्द आपल्याकडे गल्लीबोळांत ऐकू येतात. कादी म्हणजे आपला काजीच; अरबीत त्या शब्दातल्या एका व्यंजनाचा उच्चार 'द'कडे झुकतो आणि फारसीतून आपल्याकडे येताना तो 'ज' झाला, एवढाच फरक. पटावर 'क्यू-ए-डी-आय' मांडणाऱ्या लंडनच्या खेळाडूला ते चार सुटे अक्षरांचे तुकडे वाटत असतील. आपल्याला त्यामागे मियाँबिवीच्या राजीखुशीची अख्खी म्हण ऐकू येते.

अरबीत 'क' लिहायला दोन अक्षरे आहेत. एक साधा काफ, आपल्या 'क'सारखा; आणि दुसरा काफ पडजिभेजवळून, घशाच्या मागच्या भागातून उच्चारला जाणारा. अरबी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची वेळ आली तेव्हा युरोपीय विद्वानांनी पहिल्याला 'के' दिला आणि दुसऱ्याला 'क्यू'. ही निवड मनाला येईल तशी केलेली नव्हती. फिनिशियन लोकांच्या लिपीत कोफ नावाचे एक अक्षर होते. ते ग्रीकांकडे आणि तिथून इटलीतल्या लोकांमार्फत रोमनांकडे जाऊन 'क्यू' झाले. आणि दुसऱ्या वाटेने, अरामी लिपीमधून, अरबीतला तो घशातला काफ झाले. म्हणजे तलाक या शब्दाच्या शेवटी इंग्रजीत 'क्यू' लिहिला जातो, तेव्हा दोन ते अडीच हजार वर्षे वेगळी राहिलेली दोन भावंडे एकमेकांच्या जागी उभी राहतात. हिब्रूत त्या अक्षराचे नाव अजून कोफच आहे, आणि ते नावही स्क्रॅबलला चालते.

आपल्याकडे या दोन 'क'चे काय झाले? देवनागरीत दुसऱ्या 'क'साठी खाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्यायची सोय आहे आणि हिंदीत ती काही जण अजून पाळतात. मराठीने नुक्ता कधी जवळ केला नाही. निजामशाही-आदिलशाहीच्या काळापासून फारसीमार्फत शेकड्यांनी शब्द मराठीत आले, दप्तरांतून घराघरांत गेले, आणि दोन्ही 'क' एकाच 'क'मध्ये मिसळून गेले. कायदा, किंमत, कर्ज, कबूल, किल्ला, फरक, हक्क, तालुका या शब्दांतला 'क' घशातला आहे; किताब, वकील, हुकूम, मालक यांतला साधा. आज कोणाही मराठी माणसाला केवळ कानाने ऐकून हा भेद सांगता येणार नाही, आणि तो न आल्याने कुणाचे काही बिघडतही नाही. तरी मला ही गोष्ट विलक्षण वाटते की ज्या इंग्रजीच्या स्पेलिंगला आपण शाळेत असताना नावे ठेवली, ज्या भाषेत न्युमोनियाचा 'पी' आणि नाइफचा 'के' उगाच पाठ करावा लागला, तिने परक्या शब्दाची मूळ खूण एका अक्षरात जपून ठेवली, आणि त्या शब्दांबरोबर शतकानुशतके राहिलेल्या आपल्या भाषेने ती पुसून टाकली. इंग्रजी वर्तमानपत्रात अल-कायदा हे नाव 'क्यू'ने छापलेले असते. तो शब्द आणि आपला कायदा मुळात एकच आहेत. पाया, आधार असा त्याचा अर्थ. हे मराठी छापील पानावर डोळ्यांसमोर असते आणि तरीही सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

ओळखीच्या चेहऱ्यांमुळे फसगतही होऊ शकते. या यादीत कनात असा एक शब्द आहे, 'क्यू-ए-एन-ए-टी'. मराठीत कनात म्हणजे तंबूची किंवा मांडवाची कापडी भिंत, आणि ती तुर्कीकडून आली आहे. इंग्रजी कोशातली कनात अरबी आहे आणि तिचा अर्थ आहे डोंगराच्या पायथ्याचे भूजल केवळ उताराच्या बळावर दूरच्या गावापर्यंत नेणारा भुयारी कालवा, ज्याच्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी हवा-उजेडाची बिळे खणलेली असतात. हे तंत्र इराणचे; तिथल्या जुन्या कनातींना २०१६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आता हा शब्द आपल्या दृष्टीने परका म्हणावा, तर तसेही नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी हे शहर वसवले, जे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले, आणि त्याला पाणी देण्यासाठी नहर-ए-अंबरी बांधली. तिचे तत्त्व हेच आहे. म्हणजे शब्द ओळखीचा, अर्थ अनोळखी, आणि ती वस्तू मात्र मराठवाड्यात चारशे वर्षांपासून जमिनीखाली आहे. कसिदा या शब्दाचेही असेच. इंग्रजीत 'क्यू'ने लिहिलेला कसिदा म्हणजे अरबी-फारसीतले स्तुतिकाव्य. आपल्या बायका लुगड्यांवर, झबल्यांवर काढत आल्या तो कशिदा फारसीतल्या 'ओढणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला, साध्या 'क'चा. दोन्हीत नक्षी असते, पण नाते नाही.

याउलट जिथे नाते असेल अशी शंकाही येत नाही, तिथे ते निघते. कानून हे पश्चिम आशियातले पुष्कळ तारांचे, मांडीवर किंवा चौरंगावर ठेवून वाजवायचे वाद्य आहे आणि तेही 'यू'विना 'क्यू'च्या यादीत आहे. 'यू' त्या शब्दात पुढे येतो, 'क्यू'ला चिकटून मात्र येत नाही. हे वाद्याचे नाव आणि कायदेकानूमधला कानू हे दोन्ही ग्रीकमधल्या सरळ काठी, मोजपट्टी, नियम अशा अर्थांच्या एकाच शब्दातून अरबीत उतरले.

यादीतले बाकीचे शब्द मी भराभर सांगते. 'ची' म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती. १९५८ मध्ये चीनने रोमन लिप्यंतराची पिनयिन पद्धत स्वीकारली आणि 'च'च्या जवळ जाणाऱ्या एका उच्चाराला 'क्यू' हे रिकामे अक्षर देऊन टाकले. त्याआधी हाच शब्द 'सी-एच'ने लिहिला जाई. ची-गाँग ही व्यायामपद्धत आणि चिन नावाचे तंतुवाद्य याच वाटेने आले. अल्बानियाच्या चलनाचा शंभरावा भाग असलेले नाणे, इस्रायलच्या शेकेलचे एक वेगळे स्पेलिंग, उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांची उमियाक ही कातड्याची होडी, हेही 'क्यू'वाले. क्वर्टी हा शब्द तर कळफलकाच्या वरच्या ओळीतली पहिली सहा अक्षरे आहे, त्याला मूळ अर्थ असा नव्हताच, वापराने आला. देशांची नावे या खेळात चालत नाहीत. चालली असती तर इराक आणि कतार हे दोनच देश या अटीत बसले असते. या साऱ्या पाहुण्यांत मला एकच घरचा सापडला, तो म्हणजे ट्रँक. झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या औषधाच्या 'ट्रँक्विलायझर' या लांबलचक नावाचा हा तोडलेला तुकडा आहे. मूळ नावात 'यू' होता, घाव नेमका त्याच्या अलीकडे पडला.

भाचीच्या प्रश्नाचे समर्थ उत्तर माझ्याकडे आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण तिच्या बाजूने न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स उभा आहे. इंग्रजी स्क्रॅबलचा अनेकदा जगज्जेता झालेल्या या गृहस्थाने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. सुमारे नऊ आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दसूची डोक्यात साठवली होती. २०२४ मध्ये त्याने स्पॅनिश भाषेतही तेच करून दाखवले. त्याच्या दृष्टीने शब्द म्हणजे वैध आणि अवैध अक्षररचना. इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय शब्दसूचीत आज सुमारे २ लाख ८० हजार नोंदी आहेत आणि त्या सगळ्यांचे अर्थ माणसाने लक्षात ठेवावेत असे म्हणणे अन्यायाचे आहे. रिचर्ड्सच्या बुद्धीपुढे मी नतमस्तक आहे. पण त्याच्यासारखे व्हावे असे मला एकदाही वाटलेले नाही. जिंकण्याला अर्थ लागत नाही हे त्याने सिद्ध केले, आणि तेवढ्यापुरता माझ्या भाचीचा मुद्दा बरोबर ठरतो.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत गाडी नेमकी उलट दिशेने जाते. तिथे शब्द ऐकवला जातो आणि अक्षरे शोधायची असतात, आणि ती शोधताना मुलांना अर्थ विचारता येतो, शब्द कोणत्या भाषेतून आला हे विचारता येते. भारतीय वंशाच्या मुलांनी गाजवलेल्या या स्पर्धेत २०२१ साली लुइझियानाची झैला अवाँ-गार्द जिंकली ती मराया या शब्दावर. ते वनस्पतींच्या एका प्रजातीचे नाव आहे, स्वीडनच्या मरे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवलेले, आणि आपल्या फोडणीतला कढीपत्ता शास्त्रीय नावाने बराच काळ याच प्रजातीत मोडत आला आहे. अशा स्पर्धेत मूळ भाषा अरबी आहे एवढे कळले, तर जाणते मूल लगेच 'क्यू'ची शक्यता धरून चालते. अर्थ आणि इतिहास तिथे निव्वळ हौस राहत नाहीत, अक्षरापर्यंत पोचायचा तो रस्ता असतो. मला ही स्पर्धा अधिक भावते, हे उघड आहे.

मराठीत असा अक्षरशोध करता येईल का, हा विचार मग आलाच. पहिली अडचण अक्षर कशाला म्हणायचे इथपासून आहे. बालवाडीच्या तक्त्यावर 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' असे लिहिलेले असते, कारण ही अक्षरे मराठी शब्दाच्या आरंभी येतच नाहीत; म्हणजे पहिल्या अक्षराचे दार या दोघांना बंद आहे हे आपण लहानपणीच मान्य केलेले असते. वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात 'कि' एका चौकोनात बसते आणि 'क्ष'देखील एकाच चौकोनात. संगणक मात्र 'कि'ची दोन चिन्हे साठवतो आणि 'क्ष'ची तीन : क, हलन्त आणि ष. त्यामुळे 'क' असलेले सगळे शब्द दे म्हटले की तो क्षमा, पक्षी आणि नक्षत्रसुद्धा पुढ्यात टाकतो. हे योग्य की अयोग्य यावर मी अजून ठाम नाही. तक्ता म्हणतो 'क्ष' स्वतंत्र आहे, संगणक म्हणतो नाही, आणि मोडी दप्तरे वाचणाऱ्या माणसाचे उत्तर कदाचित आणखी तिसरेच असेल.

पण मला हवी असलेली यादी या वादात पडूनही मिळणार नाही. घशातल्या 'क'चे मराठी शब्द कोणते, हे कोणतेही यंत्र अक्षरांवरून सांगू शकत नाही, कारण आपल्या 'क'वर ती खूणच उरलेली नाही. त्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा लागतो, शब्दापुढे तो अरबी किंवा फारसी असल्याची नोंद आहे का ते पाहावे लागते, आणि मग अरबी कोशात तो कोणत्या काफने लिहितात हे ताडून घ्यावे लागते. एका शब्दाला कधीकधी एक संध्याकाळ जाते. सध्या मी 'कस'पाशी आले आहे. तिथे कसब आहे, हातातले कौशल्य या अर्थाचे. ते साध्या काफचे. त्याच्या जवळच कसबा आहे, पुण्याच्या पेठेच्या नावातला, आणि तो घशातल्या काफचा आहे. इंग्रजीनेही हा कसबा घेतला, उत्तर आफ्रिकेतून, फ्रेंचांच्या हातून. पण 'सी'ने किंवा 'के'ने, 'क्यू'ने नव्हे. त्यामुळे तो माझ्या पहिल्या यादीत आलाच नव्हता.